नमुना क्रमांक सदतीस

जालिंदर बनसोडे सदतिसाव्या पानावर वारले. त्यांनी स्वतः ते पान चष्मा वर सरकवून नीट वाचलं, 'शिधापत्रिका'मधली एक चुकलेली वेलांटी लाल पेनानं सुधारली, पान उलटलं आणि अडतिसाव्या पानावर विहिरीवर मोटर बसवायची परवानगी मागायला लागले. वारण्याचा विषय त्यांच्या बाजूनं संपला होता.

"आबा, थांबा." त्यांच्या मुलानं, मिलिंदनं, पान परत मागं उलटलं. "हितं तुम्ही वारलाय."

"व्हय."

"व्हय काय?"

"नमुना हाय रं त्यो. मोटरचं बघ पुढं, अश्वशक्तीतला 'श्व' तुटलाय."

साताऱ्यात पोवई नाक्यावर एका जिन्याखाली हे चाललं होतं. जिन्याखालची जागा मिलिंदची. तिथं एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि दोन खुर्च्या मावत. तिसरं माणूस आलं की पहिल्यानं उठायचं आणि जिन्याला डोकं आपटून घ्यायचं, अशी व्यवस्था होती. बाहेर पाटी होती : मिलिंद डीटीपी. लग्नाच्या पत्रिका, जलदान विधीच्या पत्रिका, दुकानांची बिलबुकं. प्रिंटरचा ड्रम खराब झाला होता, त्यामुळं प्रत्येक पानावर मधोमध एक उभी काळी रेघ यायची. आबांच्या पुस्तकाची कच्ची पानं त्याच प्रिंटरवर काढली होती. पुस्तकात शंभर अर्ज होते, आणि ते शंभरच्या शंभर छापतानाच नामंजूर झाल्यासारखे दिसत होते.

पुस्तकाचं नाव 'आपला अर्ज आपण लिहा'. लेखक श्री. जालिंदर रामा बनसोडे, मेढा.

मेढ्याच्या तहसील कचेरीसमोर आबा एकतीस वर्षं टाइपरायटर घेऊन बसत होते. जावळी तालुक्यात कुणाची म्हैस मेली, कुणाचा बांध शेजाऱ्यानं कोरला, कुणाचं नाव सातबाऱ्यावर 'मारुती'चं 'मालती' झालं, की माणूस डोंगर उतरून आधी आबांच्या टेबलापाशी यायचा आणि मग साहेबाकडं जायचा. बोलताना आबा तुमच्याआमच्यासारखे बोलत. टाइपरायटरवर बोटं ठेवली की त्यांच्यातून दुसराच माणूस बोलायला लागे. त्या माणसाला 'म्हणून' हा शब्द ठाऊक नव्हता. तो 'सबब' म्हणायचा.

पुस्तकातल्या शंभर अर्जांत अर्जदार एकच होता. बाराव्या अर्जात जालिंदर बनसोडे यांची म्हैस वीज पडून मेली होती. एकविसाव्यात त्यांचं घर वादळात पडलं. चौसष्टाव्यात त्यांची मेंढरं कोंडवाड्यात अडकली. इतकी संकटं एका माणसावर आलेली पाहून मिलिंदनं पहिल्याच दिवशी सुचवलं होतं की, नावाच्या जागी 'अ. ब. क.' टाकू.

"त्या अ. ब. क.चं नाव काढू नगंस," आबा म्हणाले होते. "वरच्या अंगाचा एक गडी हुता. त्यानं पोराच्या पुस्तकातनं नमुना उतरवला. जसाच्या तसा. खाली सही बी अ. ब. क. कचेरीतनं उत्तर आलं, अ. ब. क. यांनी समक्ष हजर ऱ्हावं. ते बिचारं सा महिनं अ. ब. क. हुडकत हिंडत हुतं."

"आबा, एखादाच असा."

"एखादा न्हाई. लोकं जसंच्या तसं उतरवत्यात. म्हनून तर माझं नाव टाकलंय. दुसऱ्या कुनाचं टाकलं आन कुनी तसंच उतरवून दिलं, तर त्या गड्याचं फुकटच्या फुकट नुकसान. माझ्या नावानं काय बी झालं तरी मी हाय हितं निस्तरायला."

"आणि सदतीसला?" मिलिंदनं आता विचारलं. "तवा कसं निस्तरणार?"

आबांनी लाल पेनाचं टोपण लावलं. "कुनाला तरी मारायला लागतंय बाबा त्यात. जित्या मानसाला कसं मारू?"

त्या पानावर लिहिलं होतं : 'विषय : मयत व्यक्तीचे नाव शिधापत्रिकेतून कमी करणेबाबत. अर्जदार : मिलिंद जालिंदर बनसोडे. महोदय, अर्ज करतो की, माझे वडील जालिंदर रामा बनसोडे हे दि. ......... रोजी मयत झाले आहेत. सबब, त्यांचे नाव शिधापत्रिकेतून कमी करणेत यावे.' तारखेच्या जागी टिंबं होती. मिलिंदनं ती मोजली. नऊ होती. मग त्यानं 'श्व' नीट केला.

पुस्तकाविषयी आबांनी आणखी काही सांगितलं नाही, आणि मिलिंदनं विचारलं नाही. त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी मेढ्यातला झेरॉक्सवाला मानसिंग त्याच्याकडं आला होता आणि पंधरा तऱ्हेचे छापील अर्ज करून घेऊन गेला होता. नाव, गाव, तारीख एवढ्याच जागा रिकाम्या. भरा आणि द्या. मिलिंदनं ते मन लावून केले होते. चौकटी सुबक होत्या. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'मिलिंद डीटीपी, सातारा' असंही होतं. त्यानंतर कचेरीसमोरची रांग आबांच्या टेबलाकडून मानसिंगच्या दुकानाकडं वळली. मग ती रांग राहिलीच नाही, कारण रिकाम्या जागा भरायला रांग लागत नाही.

एकदा मिलिंद मेढ्याला गेला, तेव्हा आबांच्या टाइपरायटरचा एक पाय हलू नये म्हणून त्याखाली एक कागद घडी करून ठेवलेला त्याला दिसला. कोपरा बाहेर आला होता. कोपऱ्यावर त्याचंच नाव होतं. मिलिंदनं ते पाहिलं. मिलिंदनं पाहिलेलं आबांनी पाहिलं.

"थंडी पडंल यंदा," आबा म्हणाले.

"व्हय," मिलिंद म्हणाला.

त्यावर त्यांचं जे बोलणं झालं ते एवढंच. महिनाभरानं आबांनी पुस्तक लिहायला घेतलं.

छपाई सांगलीत व्हायची होती. गणपती पेठेच्या मागं नानासो हाके यांचा छापखाना होता. नानासो मूळचे आटपाडीकडचे, मेंढरांमागं वाढलेले. तरुणपणी त्यांच्या वडिलांची मेंढरं चाऱ्यासाठी मेढ्याच्या डोंगरात गेली असताना सरकारी रानात शिरली आणि सगळीच्या सगळी कोंडवाड्यात गेली. तेव्हा आबांनी लिहून दिलेल्या एका कागदावर ती सुटली होती. नानासोंच्या मते आबांच्या टाइपरायटरला राजमुद्रेची ताकद होती. पुस्तक होतंय कळताच त्यांनी निरोप धाडला : कागद माझा, शाई माझी, तुम्ही फक्त मजकूर द्या.

मिलिंदनं फ्लॉपी एस.टी.नं पाठवली. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या वकिलांकडं त्याला फोन आला.

"मिलिंदा, आबांनी ह्यो अर्ज कुठल्या सरकारला केलाय रं?" नानासोंनी विचारलं.

"का वो नाना?"

"नुसती इंग्रजी अक्षरं हायती. ती बी टोप्या घातलेली. मधीच पौंडाची खूण. माझा ऑपरेटर म्हनतोय, ही साहेबाच्या देशातली मोडी हाय."

घोळ अक्षरांचा होता. मिलिंदच्या मशीनवर जी मराठी अक्षरं होती ती नानासोंच्या मशीनवर नव्हती, आणि अक्षरं नसली की मजकूर असा परक्याच्या तोंडानं बोलायला लागायचा. अक्षरं उचलून देताही येत नव्हती. त्यांना कुलूप होतं. मशीनच्या मागं काडेपेटीएवढा एक ठोकळा लावला तरच ती उमटत. ठोकळा काढला की मिलिंदलाही मराठी येत नसे.

वाट सापडली ती कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर. त्या सीडीवर एक फुकट प्रोग्रॅम होता. आधी छपाई कागदावर न करता फाईलमध्ये करायची, मग काळ्या पडद्यावर एक लांबलचक ओळ टाइप करायची, की तो प्रोग्रॅम त्या छपाईची पीडीएफ करायचा. पीडीएफमध्ये मजकूर आपली अक्षरं बरोबर घेऊन जायचा. जगात कुठंही उघडा, तसाच दिसणार. फक्त एक होतं : एकदा झाली की झाली. त्या फाईलमध्ये मागाहून कानामात्रेचाही फरक करता येत नव्हता. मूळ मजकूर सुधारून पुन्हा नवी करायची.

आबांना हे फार आवडलं. शिक्का मारल्यासारखं आहे, असं ते म्हणाले. फुकट मात्र त्यांना पटलं नाही.

"अर्ज कुनाकडं करायचा ह्यासाठी?"

"कुणाकडंच नाही. सगळ्यांसाठी आहे."

"अर्जाबिगर मिळतंय?" आबा खुर्चीत मागं टेकले. एकतीस वर्षांत त्यांनी अशी गोष्ट ऐकली नव्हती. "नाव काय म्हनलास?"

"घोस्टस्क्रिप्ट."

"मजी?"

"घोस्ट म्हणजे भूत. भुताची लिपी."

पडद्यावर छोटंसं पांढरं भूत होतं. आबांनी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. घरात भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी होत्या. भूत, भानामती, अंगारा यांतलं काही त्या घरानं छप्पनपासून उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं.

"आपून भूत मानत न्हाई," आबांनी त्या चिन्हाला सांगितलं. मग मिलिंदकडं वळले. "चालवायचं कसं ते मला लिहून दे."

ते तीन शनिवार साताऱ्याला आले. मिलिंदच्या कॉम्प्युटरवर कीबोर्डची मांडणी टाइपरायटरसारखी करता येत होती, त्यामुळं त्यांची बोटं अडली नाहीत. कृती त्यांनी डायरीत कलमं पाडून उतरवून घेतली; काळ्या पडद्यावरच्या ओळीआधी 'सबब' असं लिहिलं. फक्त एक सवय जाईना. टाइपरायटरवर त्यांना कुणीतरी शिकवलं होतं की, पूर्णविराम दिला की दोनदा जागा सोडायची, म्हणजे साहेबाला श्वास घ्यायला उसंत मिळते. मिलिंद मागाहून सगळ्या जादा जागा काढून टाकायचा. आबा परत टाकायचे.

शेवटच्या शनिवारच्या आदल्या दिवशी मिलिंदनं त्यांना न सांगता सदतिसावं पान उघडलं. वडिलांच्या नावाच्या जागी अ. ब. क. टाकलं, मुलाच्या नावाच्या जागी ड. अ. क. टाकलं. फाईल सेव्ह केली, एका फ्लॉपीवरही उतरवून ठेवली. दोन ओळींचं काम होतं. ते झाल्यावर त्याला बरं वाटलं.

शनिवारी आबा आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. फाईल आपण करणार, असं त्यांनी जाहीर केलं. मिलिंदला एका पत्रिकेचं प्रूफ दाखवायला साताऱ्यातल्याच सदाशिव पेठेत जायचं होतं. तो तासाभरानं परत आला, तेव्हा आबा हातावर हात ठेवून पडद्यासमोर बसले होते.

"झाली."

"झाली? अडलं नाही कुठं?"

"मधी एकदा इंग्रजीत काय तरी इचारलं त्यानं."

"मग?"

"न्हाई म्हनलं. कळल्याबिगर व्हय म्हनू ने, कुनालाच."

मिलिंद हसला. शंभर अर्ज एका फ्लॉपीवर बसले. मेढ्याच्या कचेरीत त्यांना दोन कपाटं लागत होती. आबांनी ती फ्लॉपी पाकिटात घातली, वर 'प्रेषक' आणि 'प्रति' लिहिलं आणि स्टँडवर जाऊन सांगलीच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात स्वतः दिली. गाडी सुटेपर्यंत ते फलाटावर उभे होते. कुणी जवळचं माणूस गाडीत असावं, असे.

त्यानंतर अकरा दिवसांनी, बुधवारी सकाळी, जालिंदर बनसोडे वारले. या खेपेला नमुना नव्हता. कचेरी उघडायला अवकाश होता. त्यांनी टेबल मांडलं, टाइपरायटरवरचं फडकं काढलं, कागद चढवला, 'प्रति,' एवढं टाइप केलं आणि मान खाली घातली. समोरच्या कट्ट्यावर बसलेल्या दोन माणसांना वाटलं, आबा पत्ता आठवतायत. ती दोघं पाऊण तास थांबली.

कचेरीचा शिपाई तात्याबा टाइपरायटर डोक्यावर घेऊन घरी पोचवायला आला. कागद तसाच चढवलेला होता. तो काढायचा अधिकार आपल्याला नाही, असं त्यानं मिलिंदच्या आईला, जाईबाईंना सांगितलं, आणि मग तो ओट्यावर बसून रडला.

जलदान विधीची पत्रिका मिलिंदनंच केली. 'कालकथित' हा शब्द त्यानं आजवर शेकडो पत्रिकांत टाइप केला होता. त्या दिवशी तो बोटांतून उतरेना. शेवटी त्यानं दुसऱ्या कुणाच्या तरी पत्रिकेतला उचलून आबांच्या नावाआधी चिकटवला. त्याच्याबरोबर त्या माणसाचं नावही चिकटून आलं, ते वेगळं काढावं लागलं.

पंधरा दिवसांनी नानासोंचा फोन आला. ते विधीला येऊन गेले होते, त्यामुळं जास्त बोलले नाहीत. "पुस्तक लावायला घेतोय," ते म्हणाले. "पर वरती श्री. हाय. ते बदलून दे, लेकरा. सवडीनं ये."

मिलिंद मूळ मजकुराची फ्लॉपी खिशात घालून निघाला. सांगलीच्या गाडीत त्याला खिडकी मिळाली. कऱ्हाड, इस्लामपूर, आष्टा; दोन्ही बाजूंना उसाला तुरे आले होते. आबांनी फ्लॉपी याच गाडीनं पाठवली होती. कंडक्टरनं त्याला ओळखलं नाही, आणि ते बरंच झालं.

छापखान्यात नानासोंनी त्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि स्वतः शेजारी स्टूल घेतलं. पडद्यावर आबांची पीडीएफ उघडी होती. पहिलं पान स्वच्छ होतं, मधली काळी रेघ नव्हती. 'लेखक : श्री. जालिंदर रामा बनसोडे.' मिलिंदनं हे पान रेघेशिवाय पहिल्यांदाच पाहिलं.

"आता हितं कै. टाकूया," नानासो हळू आवाजात म्हणाले.

"आमच्यात कै. नसतं नाना. कालकथित म्हणतात."

"आसं व्हय. मला ठावं न्हाई गड्या." त्यांनी जवळच्या चिठोऱ्यावर तो शब्द पेन्सिलीनं लिहून घेतला, मिलिंदला दाखवला, त्यानं मान हलवल्यावर ठेवून दिला. मग म्हणाले, "आन त्या सदतीसचं बी बघ. आदी वाचलं तवा मी लय हसलो. घरात आमच्या मंगलला बी दाखवलं. आता त्ये तसं छापू वाटंना."

"सदतीसला काही नाही नाना. तिथं अ. ब. क. आहे."

"कुठं? बघ की."

"मीच केलंय."

"आरं, बघ तर."

मिलिंदनं पानं पुढं सरकवली. बाराव्या पानावर म्हैस मेली. एकविसाव्यावर घर पडलं. सदतिसावं पान आलं.

अ. ब. क. नव्हता. अर्जदार मिलिंद जालिंदर बनसोडे. मयत जालिंदर रामा बनसोडे. टिंबं नऊ. आबांनी त्या शनिवारी, तो सदाशिव पेठेत गेलेला असताना, दोन्ही नावं परत जाग्यावर बसवली होती. आणि कॉम्प्युटरनं हा बदल जपून ठेवायचा का असं इंग्रजीत विचारल्यावर नाही म्हणून सांगितलं होतं. मूळ मजकुरात बदल झालाच नव्हता. तो या एका फाईलमध्येच होता.

मिलिंद पानाच्या तळाशी आला. शेवटच्या ओळीनंतर आणखी एक ओळ होती. ती त्यानं कधी टाइप केलेली नव्हती, आणि तहसील कचेरीत शिधापत्रिकेसाठी कुणी ती मागतही नाही. तिच्याआधीच्या पूर्णविरामानंतर दोनदा जागा सोडलेली होती.

'सबब, त्यांचे नाव शिधापत्रिकेतून कमी करणेत यावे.  मयताची अर्जदाराविषयी कोणतीही तक्रार नाही.'

मिलिंदनं ती वाचली. मग त्यानं पान जवळ घेतलं, अक्षरं मोठी केली. अक्षरं मोठी झाली, ओळ तीच राहिली. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ दिसत होती, अकरा वाजून वीस मिनिटं. यंत्रावर कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिका निघत होत्या, एकसारख्या, धडाधड. आबा भूत मानत नसत, आणि मिलिंदही मानत नव्हता.

"ही शेवटची ओळ असते का रं अशा अर्जात?" नानासोंनी विचारलं.

"कधी कधी," मिलिंद म्हणाला.

त्यानं उगाच चष्मा काढून शर्टाला पुसला, आणि परत लावला.

"बरं," नानासो म्हणाले, "तर मूळची फाईल दे. श्री.चं आन ह्याचं, दोन्ही आटपून टाकू."

मूळची फाईल खिशात होती. फ्लॉपीवर त्या शनिवारी आबांनीच लाल पेनानं लिहिलं होतं, 'मूळ प्रत, जपून ठेवणे.' पहिल्या पानावर कालकथित, सदतिसाव्यावर अ. ब. क., सगळं पाच मिनिटांचं काम. ओळ हवीच असेल तर तीही टाइप करता आली असती, दोन जागा सोडून. पण मग ती मिलिंदनं टाइप केलेली ओळ झाली असती. आणि स्वतःविषयी तक्रार नसल्याचं स्वतःच लिहून दिलेलं कुठलीही कचेरी धरत नाही.

"मूळची खराब झाली नाना," तो म्हणाला. "उघडत नाही."

"सगळीच?"

"सगळीच. आता एवढीच आहे. ह्यात बदल होत नाही."

नानासोंची नजर त्याच्या खिशाकडं गेली. शर्ट पांढरा होता, पातळ. लाल अक्षरं आतून दिसत होती. नानासो मेंढरांत वाढले होते. कळपातलं कोणतं जनावर कशाला मागं राहतंय, ते त्यांना न विचारता कळत असे.

"फ्लॉपीचं काय खरं नसतंय," ते म्हणाले. उठले, चिठोरं उचललं, त्यावरचा शब्द एकदा वाचला आणि घडी करून गल्ल्यात टाकला. "मग श्री.च ऱ्हाऊ दे. लोकं इचारतील, मानूस गेला आन श्री. कसं?"

"विचारू द्या. लेखी विचारा म्हणावं."

नानासो हसले, मग त्यांना हसू आवरावं लागलं, मग डोळे. "चौसष्टला माझी मेंढरं त्यांच्या नावावर केल्यात बघितलं न्हवं?" ते पाठ फिरवून म्हणाले. "एवढा आडमुठा मानूस. बस. च्या सांगतो."

पुस्तक फेब्रुवारीत आलं. मेढ्यात मानसिंगनंही ते झेरॉक्सच्या काउंटरवर ठेवलं, छापील अर्जांच्या शेजारी. आणि लोकांनी आबा म्हणाले होते तसंच केलं : जसंच्या तसं उतरवलं. मार्चअखेर कचेरीत तीन गावांतून तीन अर्ज आले, तिन्हींत वारलेला माणूस जालिंदर रामा बनसोडे. तिघांनीही कळवलं होतं की, मयताची अर्जदाराविषयी कोणतीही तक्रार नाही. तात्याबानं ते तिन्ही अर्ज जाईबाईंना आणून दाखवले. मग घाबरून परत नेले.

"तीन जनांनी दिला," जाईबाई मिलिंदला म्हणाल्या. "तुजाच ऱ्हायलाय. रेशनवाला दोनदा म्हनला, बाई, नाव कमी करून घ्या."

"देतो."

"कवा?"

"आत्ता देतो."

टाइपरायटर कोनाड्यात होता, आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्याखाली. मिलिंदनं तो उचलून ओट्यावर आणला. एक पाय हलत होता. खालची घडी कुठंतरी राहिली होती. त्यानं खिशातून काहीतरी काढलं आणि पायाखाली सारलं. चौकोनी, काळं, वर लाल अक्षरं. बरोबर बसलं.

आबांनी चढवलेला कागद अजून तसाच होता. कडा पिवळ्या पडल्या होत्या. वर डाव्या हाताला एकच शब्द होता. तो कुणासाठी होता, हे कट्ट्यावरच्या त्या दोन माणसांनाही सांगता आलं नव्हतं. मिलिंदनं दांडा ओढून कागद एक ओळ वर घेतला, शेजारी पुस्तक सदतिसाव्या पानावर उघडून ठेवलं आणि बघून बघून टाइप करायला लागला. जिथं बदल करायचा तिथं केला. प्रत्येक पूर्णविरामानंतर दोनदा जागा सोडली.

प्रति,
ज्यांच्या अधिकारात हे येत असेल ते मा. साहेब, यांस

विषय : शिधापत्रिकेतील नाव कमी न करणेबाबत.

अर्जदार : मिलिंद जालिंदर बनसोडे, मु. पो. मेढा, ता. जावळी, जि. सातारा.

महोदय,

अर्ज करतो की, माझे वडील श्री. जालिंदर रामा बनसोडे यांचे नाव आमचे शिधापत्रिकेवर अनुक्रमांक एकला आहे.  ते मयत झालेबाबत आपणाकडे तीन अर्ज आलेले आहेत, ते नमुना समजावेत.  सदर नावावरील साखर, गहू व रॉकेल अर्जदार उचलणार नाही, तसे लिहून देत आहे.  सबब, नाव तेवढे आहे तेथे राहू द्यावे, ही नम्र विनंती.

अर्जदाराची मयताविषयी एक तक्रार आहे, परंतु ती समक्षच सांगावयाची असलेने त्यांना एक वेळ हजर राहणेबाबत आपले स्तरावरून कळविणेत यावे.